रागानं काढलेला पासपोर्ट

मला देश सोडून जायचं होतं, आणि ते पैशासाठी नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आजही कोणी ऐकलं की लगेच म्हणतं, त्या काळी आफ्रिकेत शिक्षकांना पगार चांगला मिळायचा म्हणे. मिळायचा. पण सोलापूरच्या एका मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते, आई जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात मी आणि आप्पा दोघंच. आमचं नीट भागत होतं. मी निघाले ती रागानं.

आप्पा म्हणजे माझे वडील. गिरणीत विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते, नुकतेच निवृत्त झालेले. इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. डोक्यावर गांधी टोपी दिसली म्हणून गोऱ्या सोजिरांनी त्यांना भर रस्त्यात झोडपलं होतं. डावं मनगट तेव्हापासून वाकडंच जुळलं. त्याचा त्यांनी कधी डंका पिटला नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचे, त्या वेळी सगळ्यांनीच खाल्ला की मार.

सकाळी चाळीच्या कट्ट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचायचा, हा त्यांचा नेम. शेजारपाजारच्या ज्यांना वाचता येत नसे ते चहाची कपबशी घेऊन येऊन बसत. आप्पा बातमी मराठीत वाचत आणि तिच्यावरचं मत कानडीत देत, कारण कानडीतल्या शिव्या त्यांना जास्त नेमक्या वाटत. आणीबाणी आली तरी हा नेम चालूच राहिला. एका सकाळी त्यांनी वाचलं, की आता देशात गाड्या वेळेवर धावतात. वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "गाड्या वेळेवर येत्यात, खरं हाय. मानसं कुटं गेली, तेवढं कुनी सांगंना."

एवढंच. दुसऱ्या दिवशी हवालदार दारात. कुणी जाऊन सांगितलं ते आम्हाला कधीच कळलं नाही, आणि ते न कळणं हीच सगळ्यात वाईट गोष्ट होती. त्यानंतर कितीतरी दिवस मी जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत असे.

चौकीवर आप्पांना दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. मी शाळेतून धावत गेले तर मला आत सोडलं नाही. दिवेलागणीला ते एकटेच चालत घरी आले. पाय धुतले, भिंतीकडे तोंड करून बसले. मारलं का, म्हणून मी विचारलं. ते नाही म्हणाले. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. फौजदार माझ्याहूनही लहान होता. त्यानं यांना म्हाताऱ्या म्हणून हाक मारली, लई राजकारण कळतं का तुला, असं विचारलं, आणि शेवटी सगळ्यांच्या देखत हात जोडून 'चुकलं' म्हणायला लावलं. आप्पा म्हणाले होते.

"सोजिरानं मारलं," ते मला म्हणाले, "पर चुकलं म्हन, असं न्हाय म्हनला."

त्यानंतर ते कट्ट्यावर बसेनासे झाले. त्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं, की मला या देशात राहायचं नाही. "आमी इंग्रजांना हाकललं," ते म्हणाले. "आता आपनच जायाचं?" पण मन फिरलं ते फिरलंच.

शाळेनं ते आणखी फिरवलं. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. पुढच्या वर्षी त्यांनी आम्हा सगळ्या शिक्षिकांना बोलावून सांगितलं, की वरून आदेश आलाय, प्रत्येकीनं नसबंदीच्या दोन केसेस आणायच्या. आणल्या नाहीत तर पगार थांबेल. केस हा शब्द त्या इतक्या सहज उच्चारत होत्या, की जणू सहलीची वर्गणी गोळा करायची होती. मला वाटलं, कोणीतरी उठेल. कोणी उठलं नाही. पुढचे काही आठवडे शिक्षकखोलीत दुसरा विषय नव्हता. भूगोलाच्या बाई एसटी स्टँडवर जाऊन माणसं शोधू लागल्या. मराठीच्या बाईंनी दुधनीहून आपल्या चुलत्यांना आणलं. त्यांची बायको जाऊन वर्षं लोटली होती, आणि त्यांना स्वतःला धड चालताही येत नव्हतं. कागदावर केस झाली. त्या हसत हसत हे सांगत होत्या, आणि बाकीच्याही हसत होत्या. मी नकार दिला. माझा पगार थांबला. आप्पांच्या फंडावर आम्ही दिवस काढले, त्याचं मला काही वाटलं नाही.

वाटलं ते आमच्या शिपायाचं. तो विणकर घरातला, शहराच्या पूर्व भागात राहणारा तेलुगू मुलगा. घरचे माग बंद पडले म्हणून शाळेत लागलेला, तोही तात्पुरता. पंचविशीचा असेल. त्याला एकच मुलगी होती, नुकती बोलायला लागलेली. कधी कधी तो तिला घेऊन यायचा आणि ती घंटेखाली बसून राहायची. एकदा तो तीन-चार दिवस आला नाही. आला तेव्हा पाय जपून टाकत होता. प्रयोगशाळेत काचेची भांडी पुसताना, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, त्यानं मला विचारलं, "बाई, तुमी सायन्स शिकवता की. तुटलेला धागा आमी जोडतो, तसं हे परत जोडता येतंय का?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातलं भांडं मी खाली ठेवलं. मोठ्या बाईंनी त्याला सांगितलं होतं, की नसबंदीच्या शिबिरात गेलास तर कायम करते, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. त्याचं नाव त्यांनी स्वतःच्या केसेसमध्ये लावलं होतं. बायकोला त्यानं घरी काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. जोडता येतं की नाही, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी एका डॉक्टरांना विचारून आले. मोठ्या शहरात कोणी कोणी करतात म्हणे, पण खात्री नाही आणि खर्च फार, असं ते म्हणाले. मी त्याला तसंच सांगितलं. तो बरं म्हणाला आणि पुन्हा भांडी पुसू लागला. वर्ष संपलं तेव्हा त्याला कायम केलं नाही. जागाच भरायची नाही असं ठरलं, आणि तो गेला.

मी मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन जे बोलायचं ते बोलले. त्या म्हणाल्या, तुम्ही एकट्या आहात, तुम्हाला संसार नाही, तुम्हाला हे परवडतं.

झांबियाला विज्ञान आणि गणिताचे शिक्षक हवेत, ही जाहिरात मी त्याच सुमारास पाहिली. मुंबईला जाऊन मुलाखत दिली, निवड झाली. राहिला पासपोर्ट. त्याच्या चौकशीला चौकीवरून माणूस यायचा, आणि आला तो नेमका तोच फौजदार. आप्पा आतल्या खोलीत गेले ते बाहेर आलेच नाहीत. फौजदारानं मला विचारलं, की देशात एवढी शिस्त आली असताना तुम्हाला बाहेर जायचं कशाला? मी म्हटलं, शिस्त फार झाली म्हणूनच. अशी उत्तरं देऊ नयेत हे मला कळत होतं. पण त्या घरात, त्या दाराशी, माझ्या तोंडून दुसरं उत्तर निघणार नव्हतं. अहवाल वाईट गेला आणि पासपोर्ट नामंजूर झाला. हा देश मला नीट राहूही देत नव्हता आणि जाऊही देत नव्हता.

मग निवडणुका झाल्या आणि दिल्लीतलं सरकार पडलं. त्या दिवशी चाळीत लोकांनी एकमेकांना साखर वाटली. आप्पा सदरा घालून बाहेर पडले ते कितीतरी वेळानं, घसा बसवून परत आले. मीही आनंदात होते. जाण्याचा विचार मी खरोखरच सोडून दिला होता. जो तो म्हणत होता, आता कशाला जायचं?

कशाला, ते कळलं तीन महिन्यांनी. आमच्या भागातले एक पुढारी आणीबाणीभर तुरुंगात होते. त्यांची माणसं आता दिल्लीत सत्तेत होती. त्या पुढाऱ्यांचा सत्कार ठेवला तो आमच्या शाळेनं. मोठ्या बाईंनी स्वतः हार घातला. मग त्या बोलायला उभ्या राहिल्या, आणि त्या काळ्या दिवसांत आम्ही शिक्षकांनी काय काय सोसलं ते सांगू लागल्या. मी मागच्या रांगेत बसले होते. मला वाटलं, आता तरी कोणीतरी उठेल. भूगोलाच्या बाई टाळ्या वाजवत होत्या. मी उठले आणि विचारलं, की शिबिरात पाठवलेल्या आपल्या शिपायाचं पुढे काय झालं, तेही सांगा. कोणीतरी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. मोठ्या बाईंनी एक घोट पाणी पिऊन भाषण पुढे चालू केलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या पुढाऱ्यांच्या घरी गेले. तुरुंगात त्यांची तब्येत ढासळली होती, गळ्याची कातडी लोंबत होती, आणि माझ्या मनात त्यांच्याबद्दल खरा आदर होता. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा त्यांनी डोळेही मिटले. मग म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण त्या आता आपल्याबरोबर आहेत. जुनं उकरून काय मिळणार?"

मी चहा तसाच ठेवून उठले. ज्यांनी हे केलं त्यांचा राग मला होताच. पण त्या माणसाच्या 'आपल्याबरोबर' या शब्दानं माझ्या अंगाची जी लाही झाली, तशी चौकीच्या दारातही झाली नव्हती. तुरुंग भोगून आलेल्या माणसाला जर एका शिपायाचं आयुष्य म्हणजे जुनं उकरणं वाटत असेल, तर मग बदललं काय? मी परत अर्ज केला, झांबियाचाही आणि पासपोर्टचाही.

चौकशीला पुन्हा तोच आला. या वेळी चपला बाहेर काढून आत आला, पाणी मागून घेतलं, आप्पांना आजोबा म्हणाला. तुमच्यासारख्या देशभक्ताच्या मुलीला आम्ही कसं अडवणार, असंही म्हणाला. तो गेल्यावर आप्पांनी तो पाण्याचा तांब्या उचलला आणि मोरीत नेऊन घासला, कितीतरी वेळ घासला.

पासपोर्ट आला. चुलतभावाचं कुटुंब आप्पांसोबत राहायला आलं. आप्पांनी मला अडवलं नाही, आशीर्वादही दिला नाही. मी बॅग भरत असताना दारात उभं राहून म्हणाले, "रागानं जानारं मानूस राग संगंच घेऊन जातंय की."

झांबियात मला कोणी त्रास दिला नाही. लहानसं गाव, मुलींची शाळा, मन लावून शिकणाऱ्या मुली. मक्याच्या पिठाची सवय व्हायला वेळ लागला नाही. एकदा वरिष्ठांविरुद्ध बोलल्याबद्दल तिथल्या एका शिक्षकाची तडकाफडकी लांब बदली झाली. शिक्षकांच्या बैठकीत सगळे खाली मान घालून बसले होते. ते दृश्य मला इतकं ओळखीचं होतं, की मी उठून उभी राहिले. शेजारी बसलेल्या तिथल्याच एका वयस्क शिक्षिकेनं माझ्या हातावर हात ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं, की तू आमची पाहुणी आहेस, बस. हे भांडण आमचं आहे, ते आम्ही आमच्या पद्धतीनं करू. तिच्या बोलण्यात तुसडेपणा नव्हता, आणि तिचं बरोबरही होतं. मी बसले. त्या दिवसापासून मला तिथं करमेना. शिकवत होते, जेवत होते, झोपत होते. पण कशावरही संतापायचा मला हक्क नव्हता, आणि त्यावाचून मी फार दिवस राहू शकेन असं वाटेना. करार संपला तेव्हा तो वाढवून देत होते. मी नको म्हटलं.

परत आले तेव्हा सोलापुरात जागा नव्हती, टेंभुर्णीला मिळाली. हायवेवरचं गाव. निवडणुका पुन्हा तोंडावर होत्या. एका सकाळी आम्हाला सांगण्यात आलं, की एक मोठे नेते रस्त्यानं जाणार आहेत, मुलींना दुतर्फा उभं करा. आठ वाजता उभ्या केलेल्या मुली साडेअकराला तशाच उन्हात होत्या. सातवीतली एक पोरगी चक्कर येऊन खाली बसली. आणखी किती वेळ, म्हणून मी मुख्याध्यापकांना विचारलं. येतीलच, ते म्हणाले. मी तिला उठवलं आणि माझा सगळा वर्ग रांगेतून काढून शाळेत नेला. ते मागून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, की बाई, एवढं होतं तर परदेशातून परत आलात कशाला? मी मुलींना पाणी प्यायला लावलं आणि राहिलेला धडा घेतला.

दुसऱ्या दिवशी खुलासा मागणारा मेमो आला. शनिवारी एसटीनं घरी गेले आणि तो आप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग विचारलं, उत्तर काय लिवलंस? अजून काहीच लिहिलं नव्हतं. आम्ही जमिनीवर कागद पसरून बसलो. मी लिहायचं आणि त्यांनी खोडायचं, असं जेवणवेळेपर्यंत चाललं. पहिलं वाक्य त्यांना फार मऊ वाटत होतं.