नागपूरची शाळा आणि खळ्यावरचं धान

१९५५ साल होतं आणि मी एकोणीस वर्षांचा होतो. चौथी शिकलो होतो, पुढे शिकावं असं कधी वाटलं नव्हतं. पण हात चालायचा. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, गावात नाटक व्हायचं, त्याचे पडदे मीच रंगवायचो. मांजरपाटावर सरस फासायचा आणि वर राजवाडा नाहीतर जंगल काढायचं. त्याचे पैसे कोणी देत नसे, मी मागतही नसे.

त्या वर्षी मूल गावच्या शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर मंडईला आले. ते वर्ध्याकडचे. माझा जंगलाचा पडदा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन थेट घरी. बाबा अंगणात दोर वळत होते.

"मुलाला नागपूरला चित्रकलेच्या शाळेत पाठवा," मास्तर म्हणाले. "तिथे हात पाहून घेतात, इयत्ता विचारत नाहीत. चार वर्षं काढली की माझ्यासारखा मास्तर होईल."

"तुमाले पगार किती भेटते?" बाबांनी विचारलं.

मास्तरांनी सांगितला.

"अन् तिथला खर्च?" माय आतून बोलली.

तोही सांगितला.

आमच्या घरी हिशेब पैशात होत नसे, धानात होई. मास्तर गेल्यावर बाबांनी खोली, खानावळ, कागद, रंग, सगळ्याचं धान केलं. एवढं धान घरात नव्हतं, म्हणजे सावकार शेठकडून दिढीनं काढायचं. दिढी म्हणजे आज एक माप घ्या, पुढच्या हंगामाला दीड द्या. चार वर्षं दिढीवर दिढी चढणार. मग मास्तराच्या पगाराचंही त्यांनी धान केलं आणि दोन्ही ढीग मनात समोरासमोर ठेवले.

"मास्तर झाल्यावर आठ वर्ष तू शेठचा," ते म्हणाले. "मंग आपला. तरी जातो म्हनशीन तं मी काढतो."

"जातो," मी म्हणालो.

खरंच जायचं होतं. मास्तरांसारखं इस्त्रीचं धोतर नेसून खुर्चीवर बसावं, असं मनात भरलं होतं. आणि माझ्या तोंडून एकदा शब्द निघाला की तो फिरत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. येत्या बाजाराला बाबा शेठकडे जाणार असं ठरलं.

त्याआधी पाटलाच्या खळ्यावर मळणी निघाली. मी बैल हाकायला गेलो, बाबा धान उफणायला. आमच्याकडे रीत अशी, की रास घरी जाण्याआधी लोहार, सुतार आणि कपडे धुणारा वरठी खळ्याच्या कडेला येऊन बसायचे आणि मालक प्रत्येकाला टोपलीभर धान ओतायचा. ज्यानं धान घेतलं तो पुढच्या मळणीपर्यंत त्या कामाला बांधला गेला. एका सुतारानं धान घेऊन चांद्याला खाणीत काम धरलं, तर त्याच्या सासऱ्याला येऊन धान परत ओतावं लागलं होतं.

पाटलानं तिघांचं ओतलं. मग चौथी टोपली भरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"चितारी, धर."

"पाटीलभाऊ, मी तं बैल हाकाले आलो."

"बैल हाकल्याचं जेवन भेटन. हे पडद्याचं हाय."

लोहारानं सरकून जागा केली. "ये, बस इथी. पन इचार करून घेजो बाप्पा. टोपली घेतली का नागपूर गेलं."

"नागपूरले काऊन चालला हा?" पाटलानं विचारलं.

"मास्तर व्हाले," लोहार म्हणाला.

"मंग आमचा पडदा कोन रंगवन?"

"मास्तर येईन ना सायकलीवर, छडी घेऊन," वरठी म्हणाला. सगळे हसले.

बाबा पलीकडे सूप धरून उभे होते. एक शब्द बोलले असते तरी मला सोपं गेलं असतं. त्यांनी सूप पुन्हा भरून घेतलं. मास्तराच्या पगारापुढे ती टोपली म्हणजे थट्टाच, हे मलाही कळत होतं. पण तिच्यात शेठचा एक दाणा नव्हता. आणि त्या खळ्यावर रंगाच्या कामाला धान कधी कोणी ओतलंच नव्हतं. लोहारासुताराच्या ओळीत मला बसवत होते. मी दुपट्टा पसरला.

घरी मायनं विचारलं, "जातो म्हनलास ना?"

"म्हनलो होतो."

"मंग?"

"आता नाई म्हनतो."

"बरं झालं," ती म्हणाली. "जलमात येक डाव तरी तुह्या तोंडून दुसरं निघालं."

बाबांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

पुढे ब्रह्मपुरीपर्यंतच्या गावांचे पडदे मी केले. पेन्शन नाही, हे नातवंडं मला ऐकवतात. ऐकवू देत. माझ्या डोक्यावर कोणाची दिढी कधी चढली नाही, आणि जेवलो पोटभर.

टोपली घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलंच थोडं धान मायनं कांडून दिलं. ते तांदूळ गमछ्यात बांधून मी मूलला मास्तरांच्या घरी चालत गेलो. नागपूरला जात नाही, म्हणून सांगितलं. दूरचं झाड दूर दिसावं असं कसं काढतात, ते तुम्हीच शिकवा. दर रविवारी येईन, येताना तांदूळ आणीन. मास्तरांनी तांदूळ आत बायकोकडे दिले, कोळशाचा तुकडा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "समोरचा रस्ता काढ आधी. झाडाचं मग पाहू." मी ओट्यावर मांडी घातली आणि काढायला लागलो.