भिंतीवर पडणारा उजेड

लातूरमधला माझा फोटो स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. गेल्या वर्षी चाकूरहून एक बाई आल्या. हातात आईच्या एकुलत्या एका फोटोची निगेटिव्ह. "फोटो भिजून गेला, भाऊ. एवढं करून द्या," म्हणाल्या.

मला नाही म्हणवलं नाही. कागद आणि औषधं पुण्याहून मागवली. माळ्यावरचा एन्लार्जर, म्हणजे वरच्या डब्यातल्या दिव्याने निगेटिव्ह कागदावर मोठी पाडणारं यंत्र, पुसून पूर्वी अंधारात फोटो धुवायचो त्या मागच्या खोलीत मांडला आणि त्यांना बोलावून घेतलं. पण पहिल्या तिन्ही प्रिंट धुरकट आल्या. आईचं पांढरं लुगडं राखेसारखं करडं दिसत होतं. लेन्स पुसली, तरी तेच. आपला हातच गेला, असं वाटून मी खाली बसलो.

बाई कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. अंधाराला त्यांचे डोळे सरावले होते. "भाऊ, त्या दिव्याच्या डब्यातून उजेड भिंतीवर पडून राहिलाय, बघा की."

खरंच होतं. उजेड उलटू नये म्हणून काळी ठेवलेल्या त्या भिंतीला स्टुडिओ बंद केल्यावर मीच चुना दिला होता. डब्याच्या फटीतून निसटलेला उजेड त्या पांढऱ्या भिंतीवरून उलटून कागदावर येत होता. मी फटीवर काळा कागद चिकटवला, भिंतीवर घोंगडी टांगली.

चौथी प्रिंट औषधात टाकली. लाल दिव्याखाली लुगडं पांढरंशुभ्र राहिलं आणि चेहरा हळूहळू उमटला. बाई ट्रेवर वाकल्या.

"हनुवटीवर गोंदण होतं आईच्या," त्या म्हणाल्या. "मला आठवतच नव्हतं."

मग त्यांनी भोकरच्या बहिणीसाठी आणखी एक प्रिंट मागितली.