वसईची घंटा, ब्लॅकटाउनच्या स्टेजवर

इथे परदेशात, ब्लॅकटाउनच्या मराठी मंडळाच्या नाटकात मावळ्याचं काम मिळालं म्हणून लेक घरभर नाचली. नाटक कुठलं, ते मी नंतर विचारलं. वसईच्या किल्ल्याचं! अठराव्या शतकातलं ते शहर, त्यातली ती मोठमोठी चर्चेस. मराठे जिंकतात, पोर्तुगीज जातात आणि चर्चची घंटा वाजतगाजत देवळाकडे निघते. घंटा वाजवणार कोण, तर माझी लेक. आणि आम्ही वसईचे ख्रिस्ती! डोकंच फिरलं माझं.

नाटक बसवणारी माझीच मैत्रीण, पुण्याची. तिला सरळ सांगितलं, "माझी आई आलीय वसईहून, पहिल्या रांगेत बसणार. तो प्रवेश काढ, नाहीतर पोरीला मी काढते."

"अगं, इतिहास आहे तो."

"तुझ्यासाठी इतिहास. माझी आई दरवर्षी सणाला त्याच पडक्या चर्चमध्ये मिस्साला जाते."

"मग काढ तिला. पण सांगायचं तू, मी नाही."

सांगितलं. लेक रडून रडून लाल. "मम, धिस इज सो अनफेअर!" शेवटी आईच म्हणाली, "करू दे गं तिला." नाटकात काय आहे हे तिला माहीत होतं का, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

प्रयोगाला हॉल गच्च भरला होता. मावळे आले, काठीला बांधलेली घंटा आली, लेकीने दोरी ओढली. टण्ण!

आई ताडकन उभी राहिली. आमच्याकडे सांजेची घंटा झाली की हातातलं काम टाकून उभं राहायचं, प्रार्थना म्हणायची. जन्माची सवय ती. तिने क्रूसाची खूण केली आणि मोठ्याने 'नमो मरिये' सुरू केलं.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी वळून असं बघितलं की तो गप्पच झाला. स्टेजवर आता विजयाची घोषणा व्हायची होती, ती होईना. विंगेतून मैत्रीण हातवारे करत होती. लेक आजीकडे बघत होती. मग तिचा हात फेट्याला लागला, छातीला लागला, दोन्ही खांद्यांना लागला. मावळ्याच्या वेशात! मला रडूच फुटलं.

घोषणा झाली कशीबशी.

परत येताना गाडीत आईनेच नातीला विचारलं, "ती घंटा पुढे कुठे नेली गं?"

"मंदिरात. स्टिल देअर, आजी."

"मग वाजत असेल अजून," आई म्हणाली. "आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच."