मागच्या ब्रेकातला छर्रा

माझं तोंड लई फाटकं. गॅरेजात अर्धं आयुष्य गेलं, पण गाडी बघायच्या आधी माणसाला बोल लावायची खोड काही गेली नाही.

पालीच्या सासरवाडीसाठी मी स्वतः एक जीप जुळवली होती. सांगाडा मोडीतला, इंजिन दुसऱ्याच गाडीचं, मागची चाकं तिसरीची. बायकोच्या धाकट्या भावाचा, म्हणजे मेहुण्याचा, त्या जीपवर भारी जीव. तोच चालवायचा, तोच धुवायचा. पण सहा महिन्यांत पुढच्या चाकांचे ब्रेक लायनर दोनदा घासून गेले आणि मागचे कोरे करकरीत. दुसऱ्या वेळी मी भर पंगतीत, सासऱ्यांसमोर म्हणालो, "ह्याला चालवायलाच येत न्हाई. घाटात नुसता ब्रेकवर उभा ऱ्हातो!"

'असं कसं?' म्हणून कुणी विचारलं नाही. एक तर जावई, त्यात मिस्तरी! सासऱ्यांनी तिथंच किल्ली मागून घेतली आणि पुतण्याच्या हातात दिली. दोन लेकरांचा बाप असलेला मेहुणा तेव्हापासून बायकोदेखत मागच्या फळीवर बसून बाजाराला जायला लागला.

पुढच्या रविवारी नवे लायनर घेऊन गेलो. पुढचे बसवले, मागच्या चाकाचा ड्रम उघडला आणि हात थांबला. अरे, पाय जड असेल तर चारही चाकांचे लायनर झिजतील की! एकटे पुढचेच कसे? मागची बाजू जॅकवर घेतली, मेहुण्याला ब्रेकवर बसवलं आणि हातानं चाक फिरवलं. चाक फिरतच राहिलं.

"नीट दाब की बे!" मी खेकसलो.

"दाबलाय, दाजी. पूर्ण दाबलाय."

मागच्या चाकांना तेलच पोचत नव्हतं. तेलाची नळी चाचपत पुढं गेलो. जोड सैल केला, तर तळहातावर बेअरिंगचा छर्रा पडला, पोलादाची बारकी गोळी.

माझाच. ब्रेक गळायला लागला आणि सुटा भाग मिळेना, की आम्ही मिस्तरी लोक नळीत छर्रा घालून तिकडचं तेल अडवतो आणि उरलेल्या चाकांच्या ब्रेकावर भागवतो. गाडीची वेळ निघते. मेहुणीच्या लग्नात वरातीच्या सकाळी मीच घातला होता. आठ दिवसांत काढू म्हणालो आणि साफ विसरलो. सहा महिने हा माणूस घरदार घेऊन अर्ध्या ब्रेकावर मांजरसुंब्याचा घाट उतरला, कुणाला ओरखडा येऊ दिला नाही, आणि चालवता येत नाही म्हणालो ते मी! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसाच तेलकट हातानं ओसरीवर गेलो. मेहुणा मागोमाग आला.

"मामा," सासऱ्यांना म्हणालो, "चूक माझी हाय. हा छर्रा मीच घालून विसरलो. ह्याचा काही दोष न्हाई. किल्ली ह्याला द्या."

सासऱ्यांनी छर्ऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "पाव्हणं, तुमी लई मोठ्या मनाचे," ते म्हणाले आणि पोराकडं वळले. "जावयाला असं बोलाया लावलंस व्हय बे? लाज कशी वाटली न्हाई तुला?"

"मामा, खरंच सांगतो..."

"बास! जावयानं आमच्या दारात माफी मागायची व्हय?"

मेहुणा बंबाकडं गेला. ऊन पाणी आणून माझ्या हातावर घालत हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, दाजी. जितकं बोलाल तितकं माझ्यावरच येतंय."

हात धुतले आणि जेवायला गेलो. पहिलं ताट माझंच मांडलं होतं.