आमच्याकडे फक्त कागदी ताटल्या

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कोणी सांगायला नको. दूधवाल्याने न मागता माप जरा सैल घातलं तरी मी ते दूध आधी नाकाशी नेते. त्यामुळे यंदा भाद्रपदात गौरी-गणपती होताच आमच्या आयांच्या गटाचा निरोप फोनवर आला आणि भोंडल्याच्या कामांत माझ्या वाट्याला नुसत्या कागदी ताटल्या आल्याचं दिसलं, तेव्हा डोक्यात जे चक्र सुरू झालं ते थांबेचना.

कोलकात्यात मराठी घरं तशी मोजकीच. कोणी बँकेतून बदलून आलेलं, कोणी सरकारी कंपनीत, आणि हल्ली संगणकवाले. त्यांतल्या लहान मुलांच्या आयांचा हा गट. तो चालवते ती एका कस्टम अधिकाऱ्याची बायको. ती खिदिरपूरच्या क्वार्टर्समध्ये राहते आणि आम्ही सगळ्या तिला ताई म्हणतो. दर महिन्याला ताईचा निरोप येतो. पुढे कोणता सण आहे, मुलांसाठी काय करायचं, कोणी काय आणायचं, आणि शेवटी बातम्या. कोणाची सासू राहायला आली, कोणाच्या मुलाला पोहण्यात बक्षीस मिळालं, कोणाची बदली झाली. बदलीची बातमी असली की खाली सगळ्यांचे जोडलेले हात येतात आणि थोड्याच दिवसांत ते घर गटातून नाहीसं होतं.

माझा नवरा बँकेत. मुलगी नऊ वर्षांची. तिचा जन्म भोपाळचा, बालवाडी कटकची आणि शाळा इथली, बेहालाची. घरात आम्ही दोघं मराठीत बोलायचो आणि ती हिंदीत उत्तर द्यायची, चिडली तर बंगालीत. आपणहून मराठी बोलायची ती फक्त या गटातल्या पोरांमध्ये. भोंडल्याचा फेर धरताना, दिवाळीचा किल्ला करताना, बोरन्हाणात बोरं लुटताना तिच्या तोंडून जे मराठी यायचं, ते मी लांबून कान देऊन ऐकायची. गटातून आम्हाला वगळलं तर तिचं मराठी गेलं, इतकं ते सरळ होतं. माझंही काहीतरी जाणार होतं, पण त्याबद्दल मी स्वतःशीसुद्धा बोलत नव्हते.

आता ताटल्यांचं. ताटल्या ज्या बाईला सांगतात तिला एकतर काही करता येत नसतं किंवा तिच्यावर कोणाचा भरवसा नसतो. मी दर वर्षी खिरापत करते. भोंडला संपला की खिरापतीचा बंद डबा वाजवून मुलांना विचारायचं, गोड की तिखट, कोरडं की ओलं, आणि मुलांनी ओळखायचं. आमची खिरापत दर वर्षी पहिल्या झटक्यात ओळखली जायची, कारण माझ्या मुलीच्या पोटात काही राहत नाही. फेर सुरू व्हायच्या आतच ती चार जणींच्या कानात सांगून मोकळी झालेली असायची. पण म्हणून कोणी मला ताटल्यांवर बसवलं नव्हतं.

दुर्गापूजेच्या सुट्ट्या मोठ्या, म्हणून ताईने त्या निरोपात थेट संक्रांतीपर्यंतचं सगळं लिहिलं होतं. मी ते पुन्हा नीट वाचलं. दिवाळीचा किल्ला ताईकडे, खिदिरपूरला. हा किल्ला आम्ही इथे आल्यापासून आमच्या क्वार्टर्सच्या आवारात होतो. आमचं घर तळमजल्यावर आहे. आमच्या पाड्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, मूर्तिकाराकडे उरलेली चिकणमाती मी मागून आणते आणि पूजेच्या मांडवाच्या उरलेल्या कामट्यांचे बुरूज पोरं बांधतात. या वर्षी तो कोणी मला न विचारता उचलून नेला. थंडीत बजबज नावाच्या गावी नदीकाठी सहल होती, त्यात कोणाच्या घरची किती माणसं ते लिहिलेलं होतं. आमचं घर त्यात नव्हतं.

मी नवऱ्याला ते दाखवलं. तो पेपर वाचत होता. "विसरली असेल," म्हणाला आणि पान उलटलं. त्या पानावर नुसत्या निविदा होत्या, तरी तो ते बराच वेळ वाचत बसला. मी म्हटलं, ताई विसरणाऱ्यातली नाही. यावर तो म्हणाला, की भोंडला तर होऊ दे, मग बघू.

कारण शोधायला मला फार वेळ लागला नाही. आदल्या दिवाळीत एकीने किल्ल्यावर ठेवायला बाजारातून तयार प्लास्टिकचा दरवाजा आणला होता आणि मी तो सगळ्यांदेखत काढून बाजूला ठेवला होता. जरा फटकळ बोललेही असेन. पोरांनी हातांनी करायचं ते करायचं, विकत आणायचं तर किल्ला तरी कशाला, असं काहीतरी. त्या बाईचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच ऑफिसात. तेव्हा ती हसली होती, पण मनात धरून बसली असणार, आणि तिनेच ताईचे कान भरले असणार. झालं, माझ्यापुरता निकाल लागला.

त्यानंतर मला पुरावेच पुरावे दिसायला लागले. रविवारी ताईकडे मुलांची गाणी बसवायला आम्ही जमायचो. मी आत शिरले की बोलणं थांबायचं आणि कोणीतरी पटकन चहाचं विचारायचं. ती प्लास्टिकच्या दरवाजावाली तर एकाएकी गोड झाली. माहेरून आलेल्या मेतकुटाची बरणी तिने माझ्या पिशवीत घातली. म्हणाली, तुला आवडतं ना. मला आवडतं हे तिला कोणी सांगितलं, याचाच मी परतताना बसमध्ये विचार करत होते. ते मेतकूट मी आठवडाभर उघडलं नाही. दुसऱ्या एकीला माझ्याबरोबर फोटो काढून हवा होता. इतकी वर्षं तिने माझ्याकडे धड पाहिलं नव्हतं.

आणि माझी मुलगी. तिला गाणी पाठ कर म्हणून दर वर्षी मागे लागावं लागायचं. यंदा ती न सांगता बसायची. आंघोळीला जाताना, दप्तर भरताना तिचं पुटपुटणं चालू. शब्द अडला तर मला विचारायची, अर्थसुद्धा विचारायची. एरवी मला आनंद झाला असता. पण मला वाटलं, हिलाही तिथे कोणी टाकून बोललं असेल, तुला येत नाही म्हणून चिडवलं असेल. मी खोदून विचारलं. ती नाही म्हणाली आणि पुढची ओळ म्हणायला लागली.

शेवटी मी परीक्षा घ्यायची ठरवली. गटावर लिहिलं, की या संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे, सगळ्यांनी यायचं. एरवी हळदीकुंकू कोणी आपल्याकडे घेतलं की पाच मिनिटांत वीस जणी हो म्हणतात. त्या दिवशी सगळ्यांनी वाचलं आणि कोणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी ताईचं उत्तर आलं, "बघू गं, अजून वेळ आहे."

मी गटातून बाहेर पडायच्या बटणापर्यंत बोट नेलं. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याची चीडही येत होती. इतक्या लांबच्या गावात चार बायका आपल्या भाषेत बोलतात म्हणून आपण त्यांना आपलं मानायचं, आणि त्यांनी आपल्याला असं कडेकडेने बाहेर सरकवायचं. शेजारच्या खोलीत मुलगी गाणं म्हणत होती. मी बटण दाबलं नाही. भोंडल्याला जायचं आणि ताटल्या तर न्यायच्याच, पण खिरापतही न्यायची, कोणी सांगितलेली नसली तरी, असं मी ठरवलं.

बेहालाच्या बाजारात तेव्हा ओले शिंगाडे आले होते. इथे त्यांना पानीफल म्हणतात आणि नुसतेच सोलून खातात. मी ते उकडून, जिरं-मिरची आणि दाण्याचं कूट घालून उपासाची उसळ केली. मुलगी ओट्याशी उभी राहून सगळं बघत होती. तिला काही सांगू नको म्हणून बजावायचं माझ्या मनात आलं होतं, पण बजावून कधी उपयोग झाला नव्हता म्हणून सोडून दिलं.

पंचमीनंतर पूजेच्या गर्दीत रस्ते चालायचे राहत नाहीत, म्हणून भोंडला तृतीयेच्या दुपारी, आमच्या जवळच्याच एका सोसायटीच्या हॉलमध्ये होता. पाटावर तांदळाचा हत्ती काढला होता. शेजारच्या पूजेच्या मांडवात ढाकवाले मोठाल्या ढोलांवर हात साफ करत होते, त्यामुळे आम्हाला ओरडूनच गावं लागत होतं. फेर धरला तेव्हा एका बाजूला ताईने माझा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या बाजूला त्या मेतकूटवालीने. माझी मुलगी फेरात पुढे होती. ती एकही शब्द चुकली नाही. बाकीची पोरं पुढच्या ओळीला अडखळायची आणि तिच्या तोंडाकडे बघायची.

मग डबे आले आणि शेवटी मी माझा डबा पुढे केला. ताईने तो हातात घेतला आणि वाजवला. पोरांनी सुरुवात केली. बटाट्याची भाजी, साबुदाणा, भगर, रताळं, शेंगदाण्याची आमटी. मी नाही, नाही म्हणत होते. मग दोघी-तिघी नेहमीप्रमाणे माझ्या मुलीला येऊन चिकटल्या, सांग ना, सांग ना. ती हात मागे बांधून, ओठ आवळून उभी होती. तिने कोणाला काही सांगितलं नाही. शेवटी पोरांनी हार मानली आणि आमची खिरापत पहिल्यांदाच ओळखू आली नाही.

मला क्षणभर फार बरं वाटलं. आणि लगेच माझं लक्ष तिच्या आवळलेल्या ओठांकडे गेलं. या मुलीच्या पोटात कधी काही राहिलं नव्हतं. गुपित असं तोंडात धरून ठेवायला ती कधी शिकली, आणि कशावर शिकली?

घरी चालत येताना मी तिला विचारलं. रागावून नाही, साधंच. तू माझ्यापासून काय लपवते आहेस? तिने आधी मांडवाच्या दिव्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू ओरडणार नाही ना? आपण आसामात, जोरहाटला जाणार. काली पूजा झाली की. बाबाने सांगितलं, आईला आधी भोंडला खेळू दे." आणि मग जरा थांबून, "सगळ्यांना माहीत आहे."

सगळं एकदम जागेवर बसलं. ताटल्या, किल्ला, सहल, हळदीकुंकू. भोंडल्यात मी नुसतं खेळावं म्हणून ताटल्या; काली पूजा म्हणजे दिवाळीच, तेव्हा आमचं सामान बांधायचं चाललेलं असणार; आणि पुढे आम्ही नसणार होतो, म्हणून आम्हाला कुठे मोजलेलं नव्हतं. आणि मी ज्यांच्यावर पाळत ठेवून होते त्या बायका माझ्यासाठी गप्प बसल्या होत्या. मेतकूट निरोपाचं होतं. खरा लपवणारा माझ्या शेजारी बसून निविदा वाचत होता.

घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधी मी त्याला विचारलं. त्याने नाकारलं नाही. बढतीबरोबर बदलीही आली होती, ऑफिसात कळलं तेव्हा त्याने त्या दरवाजावालीच्या नवऱ्याला आणि तिला गळ घातली, की हिला इतक्यात कळू देऊ नका. मुलीने फोनवरचं बोलणं ऐकलं, म्हणून तिलाही सामील करून घ्यावं लागलं. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस, मी काय लहान आहे का?

"कटकला तुला लगेच सांगितलं होतं," तो म्हणाला. "ऑर्डर हातात पडायच्या आत तू सगळ्यांकडे जाणं बंद केलंस. शेजारच्या काकूंनी निरोपाच्या चहाला बोलावलं, तोसुद्धा घेतला नाहीस. आम्ही दोन महिन्यांनी निघालो. तू ऐकलंस त्याच दिवशी मनाने गेलीस. या वेळी हे दिवस तरी तुला मिळावेत असं वाटलं."

मला त्याचा भयंकर राग आला, आणि तो खरं बोलतोय याचा त्याहून जास्त आला. त्याने राखून ठेवलेले ते दिवस मी कशात घालवले होते ते मी त्याला सांगितलं नाही. त्याला दिसत होतंच. मी हातपाय धुतले आणि फोन घेतला. गटावर लिहिलं, की हळदीकुंकू मला जमणार नाही, का ते तुम्हाला माझ्याआधीच माहीत आहे. फराळाच्या चकल्या मी करणार, आणि किल्ला खुशाल खिदिरपूरला करा, पण माती माझीच येणार. खाली एकही जोडलेला हात आला नाही. ताईने एवढंच लिहिलं, "माती चाळून आण."

मुलगी अजून सणाच्या परकरातच होती आणि पाटावरच्या हत्तीसारखा हत्ती आमच्या फरशीवर खडूने काढत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, की जायचंच होतं तर इतकी गाणी कशाला पाठ केलीस?

ती मान वर न करता म्हणाली, "तिकडे आपलं कोणी नसणार ना. तू एक ओळ म्हटली तर पुढची कोण म्हणणार?"

तिने हत्तीचं शेपूट पुरं केलं आणि मला हाताला धरून उठवलं. आम्ही हत्तीभोवती उभ्या राहिलो, पण दोघींचा फेर नीट होत नाही, हात फार ताणावे लागतात. तिने बाबाला हाक मारली. तो आला, आणि मी त्याच्याकडे न बघता त्याचा हात धरला.