गोड्या पाण्यातल्या तिसऱ्या

माझं माहेर खाडीकाठचं, महाडच्या खालच्या अंगाला. लग्न झालं, पायवाटेनं घाट चढले आणि पासलीच्या भातखाचरांत येऊन पडले. खाचरातही चिखल होता, पाणी होतं, पण ते जागचं हलायचं नाही. आमच्या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा निघून जायचं आणि दोनदा परत यायचं. भाटघरच्या नव्या धरणाचं तेव्हा सगळ्यांना लई कौतुक. अडवून ठेवलेल्या पाण्याचं कसलं आलंय कौतुक, असं मी तोंडावर म्हणायची. आवणीला भाताची रोपं लावताना तिथी आठवून म्हणायची, आज खाडीला उधाण असणार. जावा हसायच्या. हसू देत मेल्यांना, त्यांनी खाडी पाहिली होती कुठं?

लग्नाला तीन वर्षं झाली तरी मला एकदाही माहेरी धाडलं नव्हतं. दर खेपेला सासूबाईंचं काहीतरी निघायचं. कधी कापणी, कधी झोडणी, कधी म्हैस व्यालेली. खरं कारण मला ठाऊक होतं. माझ्या नवऱ्याची पहिली बायकोही घाटाखालचीच. माहेरी म्हणून गेली ती परत आलीच नाही.

त्या वर्षी कापणी उरकल्यावर बाबा न्यायला आले. गुडघे धरत, ओल्या गोणपाटात जिवंत तिसऱ्या घेऊन. पोकळ भोपळ्यात भरून आणलेलं खाडीचं पाणी वाटभर शिंपडत त्यांनी त्या शिंपा जगवल्या होत्या.

"आता पाय चालत नाय, विहीणबाय," ते म्हणाले. "परत घाट चढणं व्हायचं नाय माझ्यानं. पोरीला आठ दिस धाडा. हिची आई वाट बघतेय."

सासूबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. 'कालवण उद्या करू' म्हणाल्या. मी मोळी घेऊन रानातून येते तोवर त्यांनी मायेनं झऱ्याचं गार पाणी आणून घंगाळ भरलं होतं आणि तिसऱ्या त्यात सोडल्या होत्या. सगळ्या गच्च मिटलेल्या. सकाळी पाहिलं तर सगळ्या मरून उघड्या पडलेल्या, घरभर वास.

"अवो, पान्यातच तर ठिवल्या हुत्या," सासूबाई रडकुंडीला आल्या.

"त्यांना खारं पाणी लागतं," बाबा हळूच म्हणाले.

सासूबाईंनी घंगाळ उकिरड्यावर उपडं केलं, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"जा. म्या आडवत न्हाई. परत येशील एवढा सबूद दे."

अख्ख्या पासलीत माझ्याएवढी तोंडाळ सून नव्हती. पण लबाड बोलणं तेवढं मला कधी जमलं नाही. मी परत येणार नव्हते. बाबा माझ्याकडं बघत होते. म्हण की गं, असं डोळ्यांनी विनवत होते. मी उकिरड्यावरच्या उघड्या शिंपांकडं बघत राहिले.

सासूबाईंनी पुष्कळ वाट पाहिली. मग त्या चुलीपाशी बसल्या आणि वाटेसाठी भाकऱ्या थापल्या. बाबांना एकट्याला पुरतील एवढ्याच.