धुऱ्यावरची खुर्ची

सैन्यातून जनरल म्हणून निवृत्त झालो आणि कामठ्याजवळच्या आमच्या गावी परतलो, ते धानाची शेती करायला. गावाने मात्र मला खुर्चीत बसवलं. शाळेतला झेंडा, मंडईच्या जत्रेचं उद्घाटन, क्रिकेटची बक्षिसं, सगळीकडे मीच. फाट्यावर माझा वर्दीतला फ्लेक्स लागलाय, छातीवर सगळी पदकं. त्याच्याकडे बघितलं की वाटतं, हा गृहस्थ गेलाय, फक्त हार घालायचा राहिलाय.

सख्खा धाकटा भाऊसुद्धा चारचौघांत मला 'साहेब' म्हणतो. एकदा चिडून विचारलं, "दादा म्हणायला जीभ झडते का तुझी?"

"लोक काय म्हणतीन जी, साहेब?"

यंदा रोवण्याच्या शेवटच्या दिवसावर माझी सगळी भिस्त होती. धानाच्या रोपांची शेवटची पेंढी चिखलात लावून झाली की आमच्याकडे बाया चिखल घेऊन मालकाच्या मागे लागतात. कोणी सुटत नाही. माझ्या बापाला मी असा माखलेला बघितलाय, हसताना नुसते दात दिसायचे. मला तो चिखल हवा होता. तो लागला की मी पुन्हा या गावचा, एवढंच मनात होतं. मुद्दाम पांढरा सदरा घालून गेलो.

बांधीतल्या चिखलात पाय टाकणार तोच भाऊ आडवा आला. "कायले उतरता, साहेब? आमी करून राहिलो ना!"

बांधीच्या कडेला, धुऱ्यावर प्लास्टिकची खुर्ची मांडलेली होती. बसलो. सीमेवर बंकरमध्ये महिनेच्या महिने काढले, पण इतकं कोंडल्यासारखं कधी झालं नव्हतं.

रोवणा संपला, चिखल उडायला लागला. भाऊ माखला, भावजय माखली. माझ्याकडे एक शिंतोडा आला नाही. मी उठून पुढे गेलो तर बाया मागे सरकल्या.

मग आमच्या शेजारच्या घरातली एकजण पुढे निघाली. शाळेत माझ्याच वर्गात होती. लहानपणी याच बांधीत तिने मला उताणं पाडून तोंडात चिखल कोंबला होता. ओंजळ भरून ती धुऱ्याकडे आली, आणि मला इतका आनंद झाला की मी डोळे मिटून गाल पुढे केला.

काहीच लागलं नाही. डोळे उघडले तर ती बांधीच्या पाण्यात हात खळबळून, लुगड्याला पुसून, ताठ उभी होती.

"जय हिंद, साहेब," म्हणाली आणि तिने सलाम ठोकला.

डोक्यावर टोपी नसेल तर सलामी द्यायची नसते, हे मी आयुष्यभर जवानांना शिकवलं. तरी माझ्या टाचा जुळल्या आणि हात आपोआप कपाळाशी गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भावाने खुर्ची पुसून माझ्यामागे ठेवली. मी बसलो.